नजरेचं देणं

यंत्रमानवाचं डोकं घडवणं हे माझं काम. मानेपासून वरचा भाग: डोळे, पापण्या, भुवया, गाल, ओठ आणि हे सगळं हलवणाऱ्या छोट्या मोटारी. समोरच्या माणसाला तो चेहरा ऐकतोय, विचारात पडलाय, खूश झालाय असं वाटावं, यासाठी पुण्यातल्या एका लहानशा प्रयोगशाळेत आम्ही काही जण खपत असतो. हे कुठे शिकलात, असं कुणी विचारलं की मी लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाचं नाव घेते. यंत्रं, गिअर आणि नियंत्रणाचं गणित मला तिथेच मिळालं. पण चेहऱ्याकडे पाहायचं कसं, हे शिक्षण त्याच्या कितीतरी आधी रायगडच्या किनारपट्टीवर झालं होतं. ते देणारी माणसं दोन: पेणकडच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखणारे अण्णा, आणि चौलच्या घरी आमच्यासोबत राहणारी माझी आत्या. आज माझ्या हातून जे काही बरं होतं, त्याच्या मुळाशी हे दोघं आहेत.

माझं आजोळ पेणजवळचं, हमरापूर-जोहे पट्ट्यातलं. त्या भागात कारखाना म्हटला की तो गणपतीचाच. पेण शहर, हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत अशा गावांतून शेकडो कारखाने आहेत, आणि घराच्या पडवीत दोन फळ्या टाकून काम करणारी कुटुंबं वेगळीच. सुट्टी लागली की आई आम्हाला घेऊन चौलहून निघायची. एस.टी. अलिबाग, पोयनाड करत धरमतरची खाडी ओलांडायची, वडखळला थांबायची, आणि पेण जवळ आलं की रस्त्याच्या कडेला पांढऱ्या, अजून रंग न चढलेल्या मूर्तींच्या रांगा दिसू लागायच्या. मामांच्या कारखान्यात वर्षभर काम असे. विसर्जन आटोपलं की थोड्याच दिवसांत पुढच्या वर्षाचे साचे बाहेर निघत. परदेशी जाणाऱ्या मूर्तींना बोटीचा लांबचा प्रवास असतो, म्हणून त्या सगळ्यांत आधी तयार कराव्या लागत.

शाडू मळायची, साच्यात दाबायची, साचा सोडवला की सांधे बुजवायचे, ओल्या ब्रशने पाणी फिरवून अंग सारखं करायचं, सुकवायचं, घासायचं. मग बॉडी कलर, पितांबर, शेला, दागिने. ही कामं घरातली सगळी माणसं करत. मामी आणि शेजारच्या बायकांचा हात तर मामांपेक्षा सफाईदार. पण आखणीला कुणी हात लावत नसे. आखणी म्हणजे डोळे. त्यासाठी अण्णा येत. ते चार-पाच कारखाने सांभाळत, आणि ते येणार म्हटलं की मामा पंखा बंद करत, दारातली पोरं हाकलत. मला मात्र अण्णांनी कधी हाकललं नाही. "बाय, बस. पण सावली पाडू नको," एवढंच म्हणत.

त्यांची पद्धत माझ्या डोळ्यांत अजून जशीच्या तशी आहे. मूर्ती फिरत्या पाटावर ठेवायची आणि स्वतः इतकं खाली बसायचं की मूर्तीचे डोळे आपल्या डोळ्यांच्या रेषेत येतील. ब्रश अगदी बारीक, मोजक्या केसांचा. डोळ्याच्या पांढऱ्या भागात दोन्ही कोपऱ्यांना गुलाबी छटा आधी दिलेली असे. अण्णा वरच्या पापणीची रेघ ओढत, एका दमात, नाकाकडून कानाकडे, मध्ये किंचित जाड आणि टोकाला निमुळती. एक डोळा पुरा करून दुसऱ्याकडे ते कधीच जात नसत. दोन्हीकडच्या वरच्या रेघा, मग दोन्ही बुबुळं, मग दोन्ही बाहुल्या. "एक डोळा संपवलास तर दुसरा त्याची नक्कल होतो, आणि नक्कल जुळत नाही," असं ते सांगत. शेवटी बाहुलीत पांढऱ्या रंगाचा ठिपका, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला, कारण उजेड एकाच बाजूने येतो. तो ठिपका पडला की पाट थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे फिरवून ते बघत आणि मानेनेच ठीक म्हणत.

रेघ ओढण्याआधी त्यांचा मामांना एक प्रश्न ठरलेला असे: ही मूर्ती बसणार कुठे? घरच्या मखरात, चौरंगावर, की मंडळाच्या उंच स्टेजवर? घरचा गणपती असेल तर समोर माणसं बसून आरती म्हणतील, पोरं मांडी घालून बसतील, तेव्हा नजर त्यांच्या तोंडावर यायला हवी. मंडळाची उंच मूर्ती असेल तर बुबुळ आणखी खाली. मूर्ती कुणी, कुठून आणि किती अंतरावरून पाहायची आहे हे ठाऊक नसेल तर अण्णा ब्रश उचलत नसत.

दुसरा नियम बुबुळाचा. वर्तुळ पुरं दिसू द्यायचं नाही. त्याचा वरचा काठ पापणीखाली जायला हवा आणि खालचा काठ खालच्या पापणीला नुसता टेकायला हवा. "वरून पांढरं दिसलं की देव दचकल्यासारखा दिसतो," असं ते म्हणत. पुढे शरीररचनेच्या पुस्तकात मी वाचलं की माणसाचा डोळा शांत असतो तेव्हा वरची पापणी बुबुळाचा साधारण 1 ते 2 मिलिमीटर भाग झाकते. भीतीने किंवा रागाने पापणी वर ओढली गेली की बुबुळाच्या वर पांढरा भाग उघडा पडतो. अण्णांनी ते पुस्तक पाहिलं नव्हतं. हजारो चेहरे आखताना आणि त्याहून जास्त चेहरे बघताना हे माप त्यांच्या हातात उतरलं होतं.

त्याच वयात आणखी एक चेहरा मनात घर करून बसला, तो अर्धवटरावांचा. रामदास पाध्ये यांचे बोलक्या बाहुल्यांचे प्रयोग टीव्हीवर लागले की घरातली सगळी कामं थांबत. वडील यशवंत केशव पाध्ये यांच्याकडून आलेला हा बाहुला आता शंभरी ओलांडून बसला आहे, आणि त्याला खेळवणारे रामदास पाध्ये स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. अर्धवटराव बोलण्याआधी वळतात. पाध्ये काही म्हणाले की मान त्यांच्याकडे फिरते, क्षणभर थांबते, मग प्रेक्षकांकडे येते, आणि तेव्हा कुठे जबडा हलतो. या थांबण्यात हशा पिकतो. बाहुल्याच्या चेहऱ्याला काही समजलं, अशी प्रेक्षकांची खात्री त्या थांबण्यामुळे पटते. 1993 साली 'झपाटलेला' आला, आणि याच हातांनी घडवलेल्या तात्या विंचूने आम्हा मुलांची झोप उडवली. एका माणसाच्या कलेतून आपल्याला हसवणारा चेहरा आणि भिववणारा चेहरा दोन्ही निघतात, हे कोडं माझ्या डोक्यात तेव्हापासून आहे. माझ्या पुढच्या अभ्यासाची सुरुवात तिथेच झाली असं मी मानते.

या कोड्यावर जगभर बराच विचार झालेला आहे. 1862 साली ड्युशेन या फ्रेंच डॉक्टरने चेहऱ्याच्या एकेका स्नायूला विजेचा सौम्य झटका देऊन कुठला स्नायू कुठला भाव उमटवतो याचे फोटो प्रसिद्ध केले. ओठांचे कोपरे मनात आणलं की वर जातात, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदाशिवाय आवळत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. 1978 मध्ये पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांनी चेहऱ्याच्या हालचालींना क्रमांक देऊन एक पद्धत बांधली. भुवईचा आतला कोपरा उचलला तर 1, वरची पापणी उचलली तर 5, गाल वर गेले तर 6, ओठांचे कोपरे खेचले तर 12. रोबोचा चेहरा करणारे जगातले अनेक जण आजही हेच क्रमांक वापरतात. हसू हवं तर 6 आणि 12.

आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रात ही मोजदाद फार आधी झालेली आहे. दृष्टी 36, डोळ्यांच्या बाहुल्यांच्या हालचाली 9, पापण्यांच्या 9, भुवयांच्या 7, गालांच्या 6, नाकाच्या 6, खालच्या ओठाच्या 6. एकच भुवई लीलया उचलायची ती 'रेचित', दोन्ही मुळापासून चढवायच्या ती 'भ्रुकुटी'. मी जेव्हा ही यादी मोटारींच्या आराखड्याशेजारी ठेवून वाचली तेव्हा एक गोष्ट ठळकपणे दिसली. भरताने सगळ्यांत जास्त प्रकार नजरेचे सांगितले आहेत, ओठांचे थोडेच. आम्ही इंजिनिअर मात्र बहुतेक वेळा ओठांपासून सुरुवात करतो, कारण लांबून पाहताना हसू आधी दिसतं. अण्णा भरताच्या बाजूचे होते.

जपानचे प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनी 1970 साली 'एनर्जी' नावाच्या मासिकात एक छोटा निबंध लिहिला. यंत्र माणसासारखं दिसू लागलं की ते आपल्याला आवडू लागतं, पण अगदी जवळ पोचलं आणि किंचित उरलं की एकदम अंगावर काटा येतो, अशी त्यांची मांडणी. आवडीतल्या या घसरणीला त्यांनी दरी म्हटलं, आणि तिची चर्चा सगळीकडे होते. त्या निबंधातल्या दोन गोष्टींबद्दल कमी बोललं जातं, आणि मला त्याच मोलाच्या वाटतात. पहिली गोष्ट ओसाकाच्या 1970 च्या जागतिक प्रदर्शनातल्या एका रोबोची. त्याच्या चेहऱ्यात कृत्रिम स्नायूंच्या 29 जोड्या होत्या आणि तो हसे. त्याच हसण्याचा वेग निम्मा केला की ते हसू भीतीदायक दिसे. स्नायू तेच, ताण तोच, फक्त वेळ बदलला. दुसरी गोष्ट बुद्धमूर्ती घडवणाऱ्या एका कारागिराने कोरलेल्या लाकडी हाताची. त्या हाताला खऱ्या कातडीचा रंग नाही, तरी तो सुंदर आहे, असं मोरी नोंदवतात. हुबेहूब नक्कल करण्याच्या मागे लागण्यापेक्षा अशा वाटेने जा, असा त्यांचा सल्ला आहे. यंत्रशास्त्राच्या प्राध्यापकाने मूर्तिकाराकडे बोट दाखवावं, हे वाचून मला पेण आठवलं नसतं तरच नवल.

अमेरिकेत एमआयटीमध्ये सिंथिया ब्रिझील यांनी 1990 च्या दशकाच्या शेवटी 'किस्मत' नावाचं डोकं केलं. त्याला कातडी नव्हतीच. मोठे निळे डोळे, लाल नळीचे ओठ, कागदी वाटावेत असे गुलाबी कान, मागे उघड्या तारा. तरी लोक त्याच्याशी लाडाने बोलत. डिसेंबर 2017 मध्ये आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमध्ये 'सोफिया' साडी नेसून आली. डेव्हिड हॅन्सन यांनी केलेली तिची त्वचा माणसासारखी सुरकुतते. तिला पाहायला प्रचंड गर्दी लोटली. दोन्ही कामं मोठी आहेत आणि दोन्हींपासून मी शिकले. पण माझ्या टेबलावरच्या डोक्याचा मार्ग ठरवला तो आत्याच्या चेहऱ्याने.

आत्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. पावसाळ्यातल्या एका सकाळी चूळ भरताना पाणी तिच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळू लागलं. आरशात पाहिलं तर डावी बाजू सपाट, डोळा मिटत नाही, भुवई उचलत नाही. तोंडावरून वारं गेलं, असं शेजारणी म्हणाल्या. डॉक्टरांनी बेल्स पाल्सी सांगितली आणि लगेच औषध सुरू केलं. या आजारात बहुतेक माणसं काही आठवड्यांत, महिन्यांत पूर्ण बरी होतात. आत्याचा डोळा मिटू लागला, घास नीट चावता येऊ लागला, पण डावा गाल आणि डावी भुवई पहिल्यासारखी झाली नाही. ज्याच्या नावावरून हा आजार ओळखला जातो, त्या सर चार्ल्स बेल यांनी 1806 साली चित्रकारांसाठी चेहऱ्यावरच्या भावांच्या शरीररचनेवर पुस्तक लिहिलं होतं. चेहऱ्याच्या नसेचं काम उलगडणारा माणूस आधी चित्रकारांचा शिक्षक होता, हे मला फार जवळचं वाटतं.

आत्या शाळेत परत गेली तेव्हा तिला एकच धास्ती होती. पहिलीची पोरं बाईंचा चेहरा वाचून शिकतात. उत्तर बरोबर आलं की बाई हसतात, चुकलं की भुवया उंचावतात. आता अर्धा चेहरा हललाच नाही तर मुलं घाबरतील. तसं झालं नाही. आत्याने न ठरवता एक नवी भाषा घडवली. ज्याला शाबासकी द्यायची त्याच्याकडे ती उजवा गाल किंचित वळवू लागली. चुकलेल्या मुलाकडे पाहताना हनुवटी जरा खाली आणून थांबू लागली, ओरडण्याच्या आधी त्याला दुसरं उत्तर द्यायला वेळ मिळावा म्हणून. ऐकताना मान थोडी कलती ठेवू लागली. मुलांनी ते पटकन उचललं. मी शाळेच्या गेटवर तिला न्यायला जाई तेव्हा पोरं सांगत, "आज बाई खूप हसल्या." ओठ तर जेमतेम अर्धेच हलत होते.

पुढे मी या कामात आल्यावर आत्याला विचारलं, तुझा चेहरा चित्रित करू का? कुठलीही बाई कचरली असती. आत्याने साडी बदलली, केस नीट केले, वाडीतल्या सुपारीच्या झाडांखाली खुर्ची टाकून बसली आणि म्हणाली, "कर. माझ्या तोंडाचा कुणाला उपयोग होत असेल तर होऊ दे." मी ते चित्रण संथ गतीने पुन्हा पुन्हा पाहिलं. हसण्याआधी तिची नजर समोरच्यावर स्थिरावते, मग मान हलते, मग डोळे बारीक होतात आणि ओठ सर्वांत शेवटी. आवडीचा विषय निघाला की पापणीची उघडझाप कमी होते. एका बाजूचा गाल कामातून गेल्यावर बाकीच्या अवयवांनी त्याचा भार कसा वाटून घेतला, ते त्या चित्रणात स्पष्ट दिसत होतं. आमच्या डोक्यात गालांना मोजक्याच मोटारी आहेत आणि मानेला भरपूर. हा निर्णय आत्याचा आहे.

आम्ही करतो ते डोकं स्वमग्न मुलांच्या शिक्षकांसाठी आहे. माणसाचा चेहरा एकाच वेळी खूप काही सांगतो, आणि या मुलांपैकी काहींना तो पसारा झेपत नाही. इंग्लंडच्या हर्टफर्डशायर विद्यापीठात 2005 पासून 'कास्पर' नावाचा बाहुला याच विचाराने घडवला गेला: चेहरा साधा, भाव थोडे, प्रत्येक वेळी सारखे. आमचं डोकं त्याच वाटेने जातं. पापण्या बारीक केबलने ओढल्या जातात, सायकलच्या ब्रेकला असते तशी बाहेर नळी आणि आत तार. पापणी मिटते झटक्यात आणि उघडते सावकाश, कारण माणसाची तशीच आहे. डोळे आधी वळतात, मान मागून येते. दूर बघताना दोन्ही डोळे समांतर, जवळच्या माणसाकडे बघताना दोन्ही किंचित आत वळलेले.

हा शेवटचा मुद्दा अण्णांचा. गणपती झाल्यानंतरच्या निवांत आठवड्यांत मी ते डोकं घेऊन पेणला गेले. अण्णांनी ते फिरत्या पाटावर ठेवायला लावलं आणि नेहमीप्रमाणे खाली बसले. मी लॅपटॉपवरून एकेक भाव दाखवत गेले. कुतूहल, आनंद, काळजी. त्यांनी पाट डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला, बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बाय, हसू चांगलं आहे हिचं. पण ती हसते कोणाकडे बघून?"

त्या एका प्रश्नाने आमच्या कामाचा क्रम ठरला. आधी समोरच्याचा चेहरा कॅमेऱ्याने शोधायचा, अंतर मोजायचं, दोन्ही डोळे त्या ठिकाणी आणून टेकवायचे. पापणी बुबुळावर नीट बसवायची. त्यानंतरच भुवई, गाल आणि ओठ. नजर कुणावर टेकलेली नसेल तर चेहऱ्याने कुठलाही भाव दाखवायचा नाही, असं आमच्या प्रणालीत लिहिलेलं आहे. रांगेतल्या मुलांसमोर ते डोकं ठेवलं की ते एकेकाकडे बघतं, थांबतं, आणि मुलाने त्याच्याकडे पाहिलं तर हसतं. न पाहिलं तर वाट पाहतं. शिक्षिकांना हे वाट पाहणं सर्वांत उपयोगी वाटतं.

अण्णांकडून आणखी एक गोष्ट मिळाली, आणि माझ्या लेखी ती सर्वांत मोठी. लहानपणी डोळे आखून झालेल्या मूर्तीसमोर मी हात जोडले, तेव्हा त्यांनी मला समजावलं होतं. "आम्ही मूर्ती करतो. देव तुम्ही घरी करता." कारखान्यातल्या मूर्तीला पाय लागू देत नाहीत, तिची आबही राखतात, पण तिची पूजा कुणी करत नाही. प्राणप्रतिष्ठा घरी होते, मंत्र म्हणून, घरच्या माणसांच्या हातून, आणि ठरलेल्या दिवशी तिचं विसर्जनही होतं. डोळ्यांत इतका जीव ओतणारा कारागीर, त्या डोळ्यांत जीव असल्याचा दावा कधीच करत नाही. ही शिस्त मी कुठल्याही प्रयोगशाळेत इतकी पक्की पाहिली नाही.

आमच्या व्यवसायाला या शिस्तीची आज फार गरज आहे. यंत्र हसलं की त्याला आनंद झाला, त्याने डोळे खाली घातले की त्याला वाईट वाटलं, असं मानायला माणसाचं मन उत्सुक असतं. म्हाताऱ्या माणसांना सोबत म्हणून, एकट्या मुलांना मित्र म्हणून असे चेहरे विकले जातील, विकले जात आहेत. मुळात माणसाच्या बाबतीतही चेहऱ्यावरून मनातलं ओळखणं इतकं सरळ नाही. लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये आजवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेऊन दाखवलं की एकाच भावनेत माणसं वेगवेगळे चेहरे करतात आणि एकाच चेहऱ्यामागे वेगवेगळ्या भावना असू शकतात. मग यंत्राने तर अधिकच जपून वागायला हवं. आमचं डोकं मुलांना भेटतं तेव्हा त्यांच्या बाई आधी सांगतात: हे यंत्र आहे, याला राग येत नाही, आनंद होत नाही, हे चेहरे करून दाखवतं, आपण त्यावरून शिकायचं. मागची झाकणी पारदर्शक आहे. मुलांना मोटारी, तारा, पापणी ओढणारी केबल दिसते. हे कळल्यामुळे मुलांची गोडी कमी होत नाही. उलट पापणी कुठून ओढली जाते हे शोधायला ती सगळ्यांत आधी मागे धावतात.

आता अण्णांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे आणि मोठ्या मूर्तींची आखणी त्यांनी पुतण्याकडे सोपवली आहे. स्प्रे गन आली, छटा झटपट देता येतात, पण पापणीची रेघ अजून हातानेच ओढावी लागते. ती ओढणाऱ्याला सीझनची मजुरी मिळते. पाऊस लांबला, ऑर्डर घटली की तीही घटते. पन्नास-साठ वर्षं माणसाच्या नजरेचा अभ्यास केलेला माणूस हा, आणि त्याच्या ज्ञानाला आपण कारागिरी म्हणून मोकळे होतो. आमच्या क्षेत्रात हेच ज्ञान मिळवायला कॅमेरे, सॉफ्टवेअर आणि परदेशी सल्लागार यांवर सहज खर्च होतो. हा व्यवहार मला पटत नाही. मूर्तिकार, बाहुल्या करणारे, दशावतारात तोंड रंगवणारे, यांना आमच्यासारख्या प्रयोगशाळांनी शिक्षक म्हणून बोलवावं, शिक्षकाचं मानधन द्यावं, आणि शिकलेलं कुणाकडून शिकलो ते छापून सांगावं. हे सौजन्य नाही, हिशेब आहे.

आमच्यापुरती आम्ही सुरुवात केली आहे. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात तज्ज्ञ मार्गदर्शनाची जी रक्कम असते, तिच्यात अण्णांचा वाटा प्राध्यापकांइतकाच आहे, आणि नव्याने रुजू होणारा प्रत्येक विद्यार्थी आधी पेणच्या कारखान्यात त्यांच्या शेजारी बसतो. पहिल्या मानधनाचा कागद सहीसाठी नेला तेव्हा अण्णांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला. कामाच्या रकान्यात आम्ही 'सल्लागार' लिहिलं होतं. ते त्यांनी खोडायला लावलं आणि 'आखणी कारागीर, पेण' असं लिहून घेतलं, मग सही केली. आत्याने चित्रणाच्या परवानगीचा कागद भरला, त्यात व्यवसायापुढे स्वतःच्या हाताने 'शिक्षिका' लिहिलं, निवृत्त हा शब्द न घालता. येत्या शोधनिबंधात ही दोन्ही नावं लेखकांच्या यादीत असतील, त्यांनी लिहून दिली आहेत तशीच.